चादरीला सुरकुती हवी

आबा,

आधी एक तक्रार नोंदवून घ्या, मग बाकीचं. तक्रार चादरीच्या कोपऱ्यांबद्दल आहे. फौजेने तुम्हाला जे जे दिलं त्यातलं बरंचसं तुम्ही आपल्यापाशी ठेवलंत. मेडलं ट्रंकेत ठेवलीत, पेन्शन आईच्या हातात दिलीत. पण गादीवर चादर घालायची ती पद्धत मात्र घरातल्या प्रत्येक जिवावर लादलीत. उशाकडची बाजू आधी, मग कोपरा उचलून तिरपी घडी, मग ती घडी तळहाताने दाबत दाबत गादीखाली सारायची. वरचं पांघरूणही पायथ्याशी असं खोचायचं की झोपणाऱ्याने सरळ झोपावं, सरळच उठावं आणि मधल्या काळात कुठलंही मत व्यक्त करू नये. माझ्या पायाच्या बोटांनी जन्मात मोकळा श्वास घेतलेला नाही. लग्नानंतर हिने पहिल्यांदा ती गादी पाहिली तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही गादी आहे की लखोटा? आत शिरायचं कुठून?" मी संस्कृतचा मास्तर. शय्येला पर्याय विचारा, मुलांना घडाघडा सांगीन. पण तल्प म्हणा, पर्यंक म्हणा, शयन म्हणा, त्या सगळ्यांत थोडी तरी विश्रांती गृहीत धरलेली आहे. तुमच्या त्या प्रकाराला शोभेल असा शब्द देववाणीत नाही.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी माझे हात आपोआप कोपऱ्यांकडे जातात. मुलगी हसते. म्हणते, बाबा, हॉटेलात नोकरी करा, पगार बरा देतात. आजवर मीही हसायचो. पण गेल्या महिन्यापासून मला सुरकुती नसलेली चादर बघवत नाही. आणि आबा, मला तुमचा राग आलेला आहे. तुम्ही समोर असतात तर मान खाली घालून, अहो-जाहो करत, पण मोठ्या आवाजात मी तो काढला असता. समोर नाही आहात, म्हणून कागदावर काढतो.

तुमच्या धाकट्याबद्दल सांगायला हवं. तुमच्या पावलावर पाऊल टाकून तो फौजेत गेला हे तुम्ही पाहिलंत. तुमच्यासारखाच हवालदार होऊन बाहेर पडला ते पाहायला तुम्ही नव्हतात. आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. कायम रात्रपाळी, कारण रात्रीच्या गेटला माजी सैनिकच हवा असा तिथल्या साहेबांचा आग्रह आणि याचाही. चऱ्होलीत फ्लॅट घेतलाय. तुम्ही मला आळंदीहून सायकलवर डबलसीट घेऊन यायचात तेव्हा जिथे ज्वारी उभी असायची, तिथे आता सातव्या मजल्यावर तुमचा मुलगा भरदुपारी पडदे ओढून झोपतो. त्याची पाठ गेलेली आहे. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात उसळली, हा मागे सामानावर बसलेला, तिथेच मणके दबले. फौजेत त्याने ते झाकलं. का झाकलं हे तुम्हाला सांगायला नको, पण मला लिहायलाच हवं.

आपलं दापोडीचं दोन खोल्यांचं घर आठवतंय? स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी आई भाकरी थापतेय, पाहुणे चटईवर बसलेत, आणि कुणीतरी म्हणतं, "हवालदार, ती मेडिकल बोर्डाची गोष्ट सांगा की." तुम्ही आढेवेढे घेता, तेही ठरल्यासारखे, आणि मग सुरू होता. उंचावरच्या चौकीवर रेशनची पोती उतरवताना बर्फावर पाय घसरलेला, पोतं पाठीवर, कमरेत कटकन आवाज. पुढे तपासणी. फौजेत दुखणं कागदावर आलं की माणसाची कॅटेगरी खाली येते, आणि कॅटेगरी खाली आली की बढती थांबते, हे तुम्ही पाहुण्यांना समजावून सांगता. मग उठून उभे राहता. डॉक्टरसाहेब विचारतात, "कोई तकलीफ?" "नो सर!" आणि त्या एवढ्याशा जागेत, भाकरीच्या परातीला डोकं लागेल की काय अशा बेताने, तुम्ही कमरेत वाकून पायाचे अंगठे धरता. पाहुणे वाहवा करतात. सरळ होताना तुमच्या कपाळावर घाम असतो. "त्या दिवशी डोळ्यांम्होरं काजवं चमकलं," तुम्ही सांगता, "पर त्वांड हसरं ठिवलं. डॉक्टरला समदं सांगायचं नसतंय." आम्ही दोघं पोरं मागे उभं राहून वाकायची शर्यत लावतो. मला गुडघ्यांच्या खाली जाता येत नाही. धाकट्याचे तळवे जमिनीला टेकतात आणि तुम्ही म्हणता, "ह्यो जाणार फौजेत."

हा एक धडा. दुसरा धडा तुम्ही मला एकट्याला दिलात आणि तो मला आज जास्त जाळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण राजगुरुनगरजवळ गावी गेलेलो. मामांनी भीमेतले मासे आणलेले, आईने लाल रस्सा केला, मी बोटं चाटून जेवलो आणि वर आजीने ठेवलेलं दूध गटागटा प्यायलो. तुम्ही ते पाहिलंत. भर पंगतीत माझं बखोट धरून मला अंगणात उन्हात उभं केलंत. "मासं खाऊन दूध? पोटात दोघांची झुंज लागली तर सोडवायला कोन जानार, तुझा मामा?" मामा हसले. तुम्ही नाही हसलात. "येकटं येकटं दोन्ही चांगलं. येका ताटात आलं की इख. ध्यानात ऱ्हाईल का?" पुढे कॉलेजात मी याला विरुद्धाहार म्हणतात हे शिकलो आणि फार विद्वान झालो. तुमचं म्हणणं शास्त्राला धरून होतं हे सांगायला सुट्टीत घरी आलो, तर तुम्ही म्हणालात, "मग? मी काय येडा हाय व्हय?" दूध आणि मासे एकत्र खाऊन मेलेला माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही, आबा. पण त्यानंतर मी कधी मासे खाऊन चहासुद्धा घेतलेला नाही. इतका मी तुमचा आज्ञाधारक. आणि तुम्ही?

तुम्ही रिटायर होऊन पिंपरीतल्या कंपनीच्या गेटवर उभे राहिलात. बसायला स्टूल होतं, पण बसलेला पहारेकरी तुम्हाला मंजूर नव्हता. पाठ रात्रभर ठणकायची. माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या साध्या गोळ्या लागू पडेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जरा जहाल गोळी लिहून दिली, अफूच्या कुळातली. अफूला आमच्याकडे अहिफेन म्हणतात, सापाचा फेस. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने निदान नावातच सावध तरी केलं होतं. तुमच्या पाकिटावर नुसतं 'दिवसातून दोनदा' होतं. रात्रपाळीने झोप उडाली म्हणून चाळीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी, ते फार प्रेमळ होते, झोपेची गोळी दिली. तुम्ही दुखण्याची गोळी शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचात आणि झोपेची उजव्या. दोन खिसे, दोन साहेब. आईने एकदा विचारलेलं मला स्पष्ट आठवतं. ती लसूण सोलत होती. "ह्या डॉक्टरला त्या डॉक्टरच्या गोळीचं सांगितलं का?" तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की जणू तिने छावणीचा नकाशा शत्रूला विकायला काढला होता. "येका सायबाचा हुकूम दुसऱ्या सायबाला सांगायचा नसतोय. जेनं त्येनं आपआपला हुकूम द्यावा. आमी दोन्ही पाळतो." आणि पाळलेत. वेळ न चुकवता पाळलेत. औषधाच्या बाबतीत इतका शिस्तीचा रुग्ण नाही, असं दोन्ही डॉक्टर म्हणायचे, वेगवेगळे.

मग ती थंडीतली सकाळ. आई चहा घेऊन गेली आणि कप हातात तसाच धरून परत बाहेर आली. मी आत गेलो. तुम्ही उताणे, हात छातीवर, तोंड जरासं उघडं. चादरीचे कोपरे जिथल्या तिथे. पांघरूण पायथ्याशी खोचलेलं तसंच, आणि संपूर्ण गादीवर एक सुरकुती नव्हती. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, हार्ट म्हणाले. सगळी चाळ म्हणाली, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. मावशी तर म्हणाली, असं मरण मागून मिळत नाही. मी मान हलवली. नंतर कितीदा मीच लोकांना सांगितलं की आमचे वडील शांतपणे गेले. वर्गात सुद्धा सांगितलंय, अनायास मरण म्हणजे काय ते समजावताना तुमचंच उदाहरण दिलंय.

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात होतो. धाकट्याच्या बायकोचा फोन दोनदा आला, तिसऱ्यांदा घेतला. "भाऊजी, हे उठंनात." ती लातूरकडची, घाबरली की तिचं बोलणं गावाकडचं होतं. "घोरत होते, मोठ्यानं घोरत होते, मी भांडी घासत होते. मग एकदम गप झाले. मला वाटलं कूस बदलली. जाऊन बघते तर ओठ कसे तरी दिसायलेत. पाणी मारलं, गदागदा हलवलं, उठंनात हो." खाली गॅरेज आहे, तिथल्या चाचांनी आणि त्यांच्या माणसांनी चादरीची झोळी करून त्याला लिफ्टने उतरवलं, दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी व्हॅनमध्ये घातलं आणि मोशीतल्या एका हॉस्पिटलात पोचवलं. मी चिंचवडहून पोचेपर्यंत तोंडावर ऑक्सिजन होता, कसलंसं इंजेक्शन दिलेलं होतं आणि तो डोळे उघडून पहिला प्रश्न विचारत होता, "गेटवर कोण आहे?" चाचा म्हणाले, "गेटपे अल्ला है भाई, तू लेटा रह." तेव्हा मला हसू आलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. धाकट्याच्या बायकोने शहाणपणाने खिडकीतल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणल्या होत्या. बाईंनी दोन पाकिटं वेगळी काढली आणि संतापून विचारलं, "ही दोन्ही एकत्र कुणी दिली?"

"कुणीच नाही," धाकट्याची बायको म्हणाली. "एकेकानं एकेक दिलीय."

दुखण्याची गोळी माजी सैनिकांच्या दवाखान्यातून. झोपेची चाकणला कंपनीजवळच्या एका डॉक्टरकडून, रात्रपाळीवाल्यांची तिथे रांग असते म्हणे. आणि त्यानंतर मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर पाकीट देत राहिला, कारण साहेब ओळखीचे. बाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, ही दुखणं दाबते, पण सोबत श्वासही मंद करते. ही दुसरी गुंगी आणते आणि श्वासही आणखी मंदावते. एरवी श्वास कमी पडला की मेंदू माणसाला दचकवून उठवतो. दोन्ही पोटात असल्या की उठवणाराच झोपतो. त्यात कधी पेग घेतला तर विचारूच नका. घेतात का?" घेतो, फौजी कँटीनची रम, रविवारी. त्या म्हणाल्या, "पाठदुखीचे फौजी येतात आमच्याकडे. सगळे सांगतात, सब ठीक. ह्यांच्या घरात कुणी जागं होतं म्हणून हे आहेत."

मी त्यांना एक वेडगळ प्रश्न विचारला. विचारलं, असा माणूस जातो तेव्हा चादरीला सुरकुती पडते का? त्या गोंधळल्या. मग मी तुमचं सांगितलं, डावा खिसा, उजवा खिसा, ती सकाळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही, काका. हार्टही असेल. पण हो, असं जातं माणूस. तडफडत नाही. हालत नाही. नुसता श्वास घ्यायचा राहून जातो."

आबा, तुमच्या पुण्याचं हे असं झालं. इतकी वर्षं जपलेलं ते शांत मरण त्या बाईंनी दोन वाक्यांत माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला त्यांचा राग आला नाही, तुमचा आला. त्या प्रेमळ डॉक्टरांचा आला, ज्यांना तुमच्या डाव्या खिशात डोकावावंसं कधी वाटलं नाही. दवाखान्यातल्या त्या साहेबांचा आला, ज्यांनी मान वर न करता पाकीट लिहिलं. ज्या माणसाने तरुणपणी पाठीवर पोतं झेललं त्याला म्हातारपणी विश्रांती, व्यायाम, बरी गादी, बसायला एक खुर्ची देण्यापेक्षा गोळी देणं सोपं, हे ज्यांनी ज्यांनी ठरवलं त्या सगळ्यांचा आला. गोळीवर माझा राग नाही. तुमची पाठ खरंच दुखत होती, तुम्हाला झोप खरंच येत नव्हती. एकट्या एकट्या दोन्ही कदाचित उपयोगाच्याही असतील. हे वाक्य तुमचंच आहे. पोटात झुंज लागेल म्हणून तुम्ही मला उन्हात उभं केलंत ना? मग तुमच्या पोटातली झुंज सोडवायला कोण जाणार होतं? दुधाचा एक पेला सहन झाला नाही तुम्हाला, आणि इथे रोज दोन साहेब एका ताटात जेवत होते. आणि सर्वांत जास्त राग त्या वाहवाचा आला, परातीशेजारी वाकून अंगठे धरल्यावर पाहुण्यांनी केलेल्या. दुखणं लपवलं म्हणून टाळ्या. आम्ही पोरांनीही वाजवल्या, पण आम्ही पोरं होतो; पाहुण्यांना अक्कल असायला हरकत नव्हती.

धाकटा घरी आल्यावर मी शक्य तितक्या शांतपणे बोललो. तो पाठीला उशी लावून बसलेला, मी समोर. म्हटलं, "अरे, दोन्ही डॉक्टरांना सांगून टाक. बाई म्हणाल्यात तसं. एकदम बंदही करायच्या नाहीत, त्यानेही त्रास होतो. ज्यांनी लिहिल्यात त्यांनीच हळूहळू कमी करायच्या."

"दादा, वर्षाला कंपनीचं मेडिकल असतं. झोपेची गोळी खाणारा माणूस नाइट गेटवर ठेवतील का?"

"नको ठेवू देत. दिवसा उभा राहा."

"दिवसा गेटवर पाहुण्यांची नावं लिहितात. ते काम पोरं करतात." मग हसला. तुमच्यासारखं, एका बाजूने. "आणि तू मला गोळ्या शिकवणार? तुझी दवा म्हणजे मोरावळा. डॉक्टरला सगळं सांगायचं नसतं दादा, आबांनीच सांगितलंय."

"आबा कशाने गेले माहितीये तुला?"

"हार्टने."

मी त्याला सांगितलं. त्याची बायको दारात चहा घेऊन उभी होती, तिनेही ऐकलं. मग तो म्हणाला, "तू तिथे होतास, मी पोस्टिंगवर होतो. मला शेवटचं दर्शनपण नाही मिळालं. आता तू म्हणतोस ते पुण्यवान मरणपण नव्हतं." आणि चहा घेतला. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. बाकांवर तुमच्यासारखी माणसं, ताठ बसलेली. ज्यांना ताठ बसवत नाही तीही ताठ. आमचा नंबर लागला. डॉक्टर वयस्कर, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींची चळत. "पाठ कशी आहे हवालदारसाहेब?"

"एकदम ठीक सर."

"दुसरी काही औषधं चालू आहेत का?"

आबा, त्यांनी विचारलं. तुमच्या वेळी जे कुणी विचारलं नाही ते त्या थकलेल्या माणसाने त्या दिवशी विचारलं. आणि तुमचा मुलगा म्हणाला, "नो सर." म्हणाला एवढंच नाही. उठून उभा राहिला, कमरेत वाकला आणि त्याने पायाचे अंगठे धरले. हॉस्पिटलातून येऊन दोन आठवडे झाले नव्हते. मी मागे बसलेलो, मला त्याची मान दिसत होती, मानेवर घाम होता. डॉक्टर कौतुकाने "व्हेरी गुड" म्हणाले. मला परातीचा आवाज ऐकू आला, शपथेवर सांगतो. मी खिशातून झोपेच्या गोळीचं पाकीट काढलं, हॉस्पिटलचा कागद काढला, आणि तो अजून वाकलेला असतानाच दोन्ही टेबलावर ठेवलं.

सरळ होताना त्याने ते पाहिलं. डॉक्टरांनी कागद वाचला, परत वाचला. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कधी विचारलं नव्हतं सर."

"आज विचारलं ना?"

त्यावर तो सावधानमध्ये उभा राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि बराच वेळ लिहीत राहिले. झोपेची गोळी कशी उतरवत न्यायची, दुखण्याची कशी, व्यायामासाठी कुणाकडे जायचं, चाकणच्या डॉक्टरांना चिठ्ठी. रात्रपाळी सोडा म्हणाले. रम बंद म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही भाऊ का? बरं केलंत." बरं केलं असं त्या खोलीत फक्त एकाला वाटत होतं.

परत येताना मोशीच्या सिग्नलला ट्रॅफिक तुंबलेली. ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, मध्ये आमची स्कूटर. मागून त्याचा आवाज आला, अगदी शांत. "माझी कॅटेगरी डाउन केलीस, मास्तर." तेव्हापासून मी मास्तर आहे. दादा म्हणत नाही. रुसणं म्हणाल तर रुसणंही नाही. चहा देतो, मुलीच्या परीक्षेची चौकशी करतो, मास्तर बसा म्हणतो. रात्रपाळी सोडलेली नाही, "बघतो" म्हणतो. गोळी कमी केली का विचारलं तर म्हणतो, "केली ना. सब ठीक."

हल्ली शाळा सुटली की मी चऱ्होलीला जातो. काहीतरी निमित्त काढतो. कधी दही, कधी हिने दिलेली चटणी, परवा तर एक रिकामा डबा परत न्यायला गेलो जो आमचा नव्हताच. त्याच्या बायकोला कळतं, ती नुसती खोलीचं दार थोडं उघडून देते. तो उताणा झोपलेला असतो. ड्यूटीवरून आल्यावर आधी बिछाना नीट लावतो आणि मग त्यावर झोपतो, तुमच्यासारखाच. कोपरे तिरप्या घडीचे, पांघरूण खोचलेलं, कुठेही सुरकुती नाही. मी दारात उभा राहतो आणि छातीकडे बघत बसतो. परवा मी आत गेलो आणि पायथ्याचा कोपरा हळूच उपसून काढला. निदान पाय तरी हलवावा, लाथ तरी मारावी. झोपेतच त्याने पाय ओढून घेतला आणि काहीतरी पुटपुटला. तेवढ्यावर मी घरी आलो आणि पोटभर जेवलो.

हे सगळं खरं तर त्याला लिहायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही मला मास्तर म्हणणार नाही. त्याला द्यायचं धैर्य मला नाही आणि तुमच्याकडे टपाल जात नाही, तेव्हा हा कागद माझ्याकडेच राहील.

आणि रागाचं म्हणाल, तर इतका वेळ रागावतोय त्याचं कारण एवढंच की राग आहे तोवर दुसरं काही जाणवत नाही. तो 'सब ठीक' म्हणतो तेव्हा आवाज तुमचा असतो, हसणं तुमचं असतं. तुम्ही खरं कधी सांगत होतात आणि खोटं कधी, हे मला तुम्ही असताना कधी ओळखता आलं नाही, आबा. त्याचंही येत नाही. मला फार भीती वाटते.